काड्यापेट्यांचे कपाट

मित्रांनो, उंचीने मी जेमतेम वीतभर, पण माझ्या पोटात बहात्तर खण आहेत. मी काड्यापेट्यांचे एक जुने कपाट आहे. क्यूबातल्या हिबारा गावी, समुद्राकाठच्या घरात मला नेरेइदा नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने घडवले.

तिचे पती एवेलियो रेडिओ दुरुस्त करीत. सगळे सुटे भाग ते बिस्किटांच्या एकाच डब्यात टाकत आणि एका डायोडसाठी अख्खा डबा टेबलावर पालथा करीत. त्यातच त्यांची नजर अधू होत चालली होती. रेझिस्टर कोणता ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचे, पण तांबडे आणि नारिंगी पट्टे त्यांना सारखेच दिसू लागले होते. हे ते कुणालाच सांगत नसत.

नेरेइदाने गल्लीभरच्या रिकाम्या काड्यापेट्या जमवल्या, खळीने चिकटवल्या, सिगारच्या खोक्याच्या फळ्यांची चौकट केली. खण ओढायला कुठे बटण, कुठे मणी, कुठे तांबड्या पट्ट्यासाठी दोन गाठींचा दोरा, कुठे नारिंगीसाठी तीन गाठींचा. हात लागताच आत काय आहे ते कळावे! डब्यातले निम्मे भाग तिने माझ्यात भरले.

"हे गं काय?" एवेलियोंनी विचारले.

"तुझं सामान. न बघताही सापडेल."

"न बघता? मला आंधळा ठरवतेस?"

"आंधळा नाही, आडमुठा!"

त्यांनी मला उचलून फडताळाच्या माथ्यावर टाकले. तिथे माझा जीव नुसता तळमळे. खाली डबा खणखणत पालथा होई, एवेलियो चिडून पुटपुटत, आणि हवा असलेला भाग कित्येकदा माझ्याच पोटात असे. पण मला हाक कुठून मारता येणार?

मग सप्टेंबरात वादळाची वर्दी आली. वीज गेली. भरदुपारी शेजारची क्लेमेन्सिया गल्लीतला एकुलता एक बॅटरीचा रेडिओ घेऊन धावत आली.

"काका, हा मुका झालाय! पाणी चढतंय. टेकडीवरच्या शाळेत जायचं की थांबायचं? आईला चालवत नाही, उचलून न्यावं लागेल हो."

एवेलियोंनी रेडिओ उघडला, जळका भाग काढून नवा बसवला. लगेच धूर निघाला. त्यांनी घाईने बॅटरी उपटली.

"नेरेइदा," ते हळूच म्हणाले, "मला पट्टे दिसत नाहीत गं. वर्ष झालं."

"ठाऊक आहे मला."

"मग... उतरव ते तुझं कपाट."

नेरेइदा एकेक खूण समजावत गेली, आणि त्यांची बोटे माझ्यावरून फिरू लागली. मणी. बटण. दोन गाठी. पुढे या, पुढे या, असे मला ओरडावेसे वाटत होते! तीन गाठींपाशी ती थांबली.

"हाच. पण कथलाचा डाग तू दे. मला सांधा नीट दिसत नाही."

कोळशावर तापवलेल्या सळईने नेरेइदाने डाग दिला. रेडिओ खरखरला आणि बोलला: किनाऱ्यावरच्या सर्वांनी तातडीने उंचावर जावे. गल्ली रिकामी झाली. एवेलियोंनी मला सदऱ्याखाली पोटाशी धरून टेकडी चढवली. संध्याकाळी लाटा आमच्या स्वयंपाकघरातून आरपार गेल्या, पण माणूस एकही गेला नाही.

पुढे गावभर माझे कौतुक झाले. एवेलियो ताठ मानेने सांगत, "आमच्या हिनं केलंय!"

आता त्यांना काहीच दिसत नाही, तरी ते रेडिओ उघडतात. येणारेजाणारे मात्र गंमत म्हणून माझा एखादा खण ओढतात आणि तो भलत्याच जागी खुपसतात. मग ती म्हातारी बोटे चाचपडत राहतात, आणि मी पुन्हा तळमळत राहतो.

मित्रांनो, घेतलेली वस्तू तिच्याच जागी ठेवत जा. तुमच्यामागून शोधायला येणाऱ्याला ती दिसेलच असे नाही.