शिवराज बीटा सोडतो

फोन कंपनीनं काही अर्धकच्चं बाहेर सोडलं की ते आपल्या फोनवर सगळ्यांत आधी घालणारा तंजावुरातला माणूस म्हणजे शिवराज. बीटा म्हणतात त्या चाचणीच्या आवृत्तीला. फोन तापो, बंद पडो, गडी कधी मागं फिरला नाही. आणि आता अचानक म्हणे पक्क्या, स्टेबल आवृत्तीवर जायचं! तसं जाताना फोन पार कोरा होतो, हे भुवनाला सहा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

एवढं पुसायचंय तरी काय? त्यात आठ दिवस स्वारी झोपतानाही शर्ट काढत नव्हती. पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं. शनिवारी तिनं फोन संगणकाला जोडायची केबल, जिच्याशिवाय ते पुसणं होत नाही, तांदळाच्या डब्यात दडवली.

रविवारी दुपारी तो आंघोळीला गेला तसं तिनं त्याच्या बॅगेचे कप्पे उलटेपालटे केले. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

"भुवना, लौकर वाढ," बाहेर येऊन तो म्हणाला. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणाला.

नवी केबल आणायची घाई! तिनं मुद्दाम सांबार पुन्हा उकळायला ठेवलं. मग धप्पकन आवाज आला.

शिवराज भिंतीला टेकून घामानं निथळत होता. तिनं शर्टाची बटणं ओढली. दंडावर नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली.

"साखर... दे," तो पुटपुटला.

साखरपाण्याचे दोन पेले पोटात गेल्यावर तो नीट बोलू लागला. "हें साखर मोजतें. उतरली की फोन ओरडतो. बीटावर तें चालेना. इन्शुलिन घेऊन बसलों, जेवण आलं नाही."

"अय्यो! मला काय म्हणून सांगिटलं नाहीत?"

"साखरेपायी तुझ्या अप्पांचा पाय कापला तेव्हां तुझें रडणें पाहिलंय मी."

भुवनाला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा संतापही आला. डोळे पुसत तिनं केबल आणून त्याच्यापुढं ठेवली.

संध्याकाळी कोऱ्या फोनवर ते ॲप उघडलं. साखर उतरली तर आणखी कोणाला कळवू, असं ॲपनं विचारलं. शिवराजनं न थांबता तिचा नंबर घातला.

"चढली तरी मला कळेल?"

"कळेल."

"म्हणजे कँटीनमधला हलवाही?"

त्याचं बोट नंबर खोडायला वळलं. भुवनानं फोन हिसकावून घेतला आणि नंबर पक्का करायचं 'हो' स्वतःच दाबलं.