बारा फुटांवरचा जनरेटर

रविवार, दिनांक २३ मार्च २०२५, सकाळचे दहा. मौजे तारकर्ली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. वीजवाहिनीच्या दुरुस्तीसाठी दहा ते चार वीज बंद राहील, अशी सूचना आदल्या दिवशी मोबाइलवर आली होती. माझ्यात आणि धाकट्या बहिणीत तीन आठवडे चाललेल्या वादाचा निकाल याच सहा तासांत लावायचा, असे आम्ही दोघांनी मान्य केले होते.

वाद बाबांच्या श्वासाचा होता. आमचे वडील सत्यवान तीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबले. तिथून घरी आणले ते झिजलेले फुप्फुस. फेब्रुवारीत ते रुग्णालयातून परतले तेव्हापासून खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढणारे यंत्र त्यांच्या उशाशी अखंड चालू असते. वीज गेली की ते थांबते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे गेलेली वीज कधीकधी दोन दिवस परतत नाही. धाकटी बहीण दीपिका कणकवलीला परिचारिका आहे. तिचे म्हणणे, बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्यावा. माझे म्हणणे, बॅटरी पाच तासांत बसेल. उरलेले त्रेचाळीस तास बाबांनी कशाच्या भरवशावर काढायचे? हा प्रश्न मी तिला वारंवार ऐकवला होता.

जनरेटर मी निष्काळजीपणे निवडलेला नव्हता. ऑक्सिजनच्या यंत्राचे साडेतीनशे वॉट, दोन पंखे, फ्रीज. मोटर सुरू होताना तिला क्षणभर लागणारी तिप्पट वीज. या साऱ्याची बेरीज करून दोन केव्हीए क्षमतेचा, पेट्रोलवरचा जनरेटर मी कुडाळहून चाचणीसाठी मागवला होता. तो घेऊन आलेला दुकानातला धनेश म्हणाला होता, "साहेब, घरापासून निदान पंचवीस फूट तरी लांब ठेवा." तितकी लांब वायर मजजवळ नव्हती. शिवाय सकाळी सात वाजता मी स्वतः उदबत्ती पेटवून पाहिली होती. वारा जमिनीकडून वाहत होता आणि धूर सरळ पश्चिमेला, समुद्राकडे जात होता. म्हणून बाबांच्या खोलीच्या पश्चिमेला, खिडकीपासून बारा फुटांवर, माडाखाली मी त्याची जागा ठरवली.

"दादा, तुका समजावण्यापेक्षा ह्या इंजिनाक समजावणा सोपा," दीपिका म्हणाली. येताना तिने ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणला होता. मी विचारले, "माझ्यार इतको अविश्वास?"

"तुझ्यार नाय. तुझ्या हिशोबार."

दहाला वीज गेली. धनेशने दोरी ओढली, इंजिन पेटले, आणि अर्ध्या मिनिटात यंत्र पूर्ववत घुमू लागले. बाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "बरो चलता," ते म्हणाले. धनेश दुसऱ्या कामाला मालवणात गेला. अकरा वाजले, बारा वाजले. दर पंधरा मिनिटांनी बाबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा मी वहीत टिपत होतो: त्र्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. दीपिका बाबांची पेज करायला स्वयंपाकघरात गेली. तिचे वाद न घालता जाणे मी माझा विजय समजलो.

सव्वाबाराच्या सुमारास खिडकीचा पडदा, जो सकाळपासून बाहेर ओढला जात होता, आत फुगला. उकाड्यात ती झुळूक मला सुखाची वाटली. समुद्राकडून वारा आला, एवढेच माझ्या मनात आले. त्या वाऱ्याच्या वाटेत काय उभे आहे, हे आले नाही.

पाऊण वाजता बाबा म्हणाले, "माझा डोक्या दुखता रे."

"आवाजान दुखत आसतला," मी म्हणालो आणि बोटाकडे पाहिले. पंच्याण्णव. सकाळपेक्षा दोनाने अधिक.

"आवाजान नाय. मळमळता."

दीपिका स्वयंपाकघरातून धावत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. "दादा, वास! बंद कर ता!"

"आधी आकडो बघ. पंच्याण्णव आसा. जनरेटर बंद केलंय तर ऑक्सिजनचा यंत्र..."

"आकडो खोटो! धुरातलो वायू रगतात बसलो काय बोटावरच्या यंत्राक तो ऑक्सिजनच वाटता. आणि ता उशाकडला यंत्रसुद्धा हयलीच हवा ओढून बाबांच्या नाकात घालता. तुका आकडो दिसता, बापूस दिसना नाय!"

मी बाबांकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते, पण नजर ठरत नव्हती. आणि तरीही, हे लिहिताना मला लाज वाटते, मी वही हातात धरून आणखी काही क्षण तसाच उभा राहिलो. कारण वहीतल्या एकाही ओळीत चूक नव्हती.

दीपिका मला ढकलून बाहेर धावली. इंजिन थांबले. त्या शांततेत माझे पाय हलले. तिने सिलिंडरचा मास्क बाबांच्या तोंडावर बसवला आणि पुरवठा पूर्ण सोडला. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून पूर्वेच्या अंगणात, खळ्यात नेले. गाडी बोलावली, रुग्णालयात कळवले. गाडी वीस मिनिटांत येणार होती आणि सिलिंडरचा काटा खाली सरकत होता. दीपिका बाबांची नाडी धरून बसली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

बाराव्या मिनिटाला बाबांची नजर ठरली. त्यांनी माझे नाव घेतले, दीपिकेचे नाव घेतले, मळमळ कमी झाल्याचे सांगितले. माझ्या जिवात जीव आला. आणि जीव येताच वाद आला.

"जागा चुकली, निवड चुकली नाय," मी म्हणालो. "जनरेटर हय, पूर्वेक ठेवूया. दुपारी धूर..."

"आणि सकाळी?" दीपिकेने विचारले. "सकाळी वारो हयसून घराकडे जाता. आपली जागा केवढी? खंयय ठेव, अर्धो दिस धूर बाबांच्याच खोलीत."

"मग दोन दिस लाइट गेल्यार काय करतलंस? ता सांग!"

तिने पुन्हा बाबांच्या नाडीवर बोटे ठेवली. त्रेचाळीस तासांचा तो प्रश्न पुन्हा तसाच उभा राहिला. दूरवर गाडीचा हॉर्न ऐकू आला.

बाबांनी हात वर करून मास्क बाजूला केला. दीपिका तो पुन्हा बसवू लागली. त्यांनी तिचा हात थोपवला.

"इंजिनात खोट नाय," ते थांबत थांबत म्हणाले. "पण माझ्यासारख्याच्या खिडकीशी इंजिन नको. बॅटरी घेवा. पाच तासांत लाइट येवक नाय तर माका कणकवलेक दीपिकाच्या हॉस्पिटलात न्या. कौस्तुभ, हो जनरेटर परत धाड."