तेवढं एक सोडलं तर

बास्केटबॉल लीगच्या नव्या जाहिरातीत आमचं जेवणाचं टेबल गेलं, त्या दिवसापासून आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो. फरशीवर चार पायांचे डाग तेवढे उरले. मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल लिहितो. आदल्या रविवारी मी लिहिलं होतं, की या जाहिरातीत ताडमाड माणसं धुरातून उड्या मारतात, पण ती कुठल्या घरी जाऊन जेवतात याचा पत्ता नाही. आता त्यातला सगळ्यात उंच खेळाडू आमच्या टेबलावर वरणभात कालवत होता.

माझी बायको शैला म्हणाली, टेबल छान दिसतंय. घरात होतं तेव्हा कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, असंही वर ऐकवलं.

पुढच्या रविवारी मी लिहिलं, की खिडकीतून येणारा उजेड खोटा वाटतो. लगेच आमच्या दिवाणखान्यातला सकाळचा उजेड गेला. पडदा सरकवला की बाहेर ऊन दिसायचं, पण ते आत येत नसे. शैलानं ओव्याची कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली आणि मला बजावलं, की आता पुरे, दुसऱ्या कुठल्या तरी जाहिरातीच्या मागे लागा, साबणाच्या वगैरे. मी ऐकलं नाही. साबणाच्या जाहिरातीत काही दम नसतो.

मग मी लिहिलं, की प्रेक्षकांत बसलेली माणसं भाड्यानं आणल्यासारखी हसतात, एकही बाई मनापासून हसत नाही.

शैला मनापासून हसते. सोमवारी मी आंघोळ करून बाहेर आलो तर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. संध्याकाळी ती टीव्हीवर दिसली. घरातलीच निळी साडी नेसून ती प्रेक्षकांत बसली होती आणि चेंडू जाळीत पडला की हसत होती. जाहिरात फारच सुधारली होती. मला रडू आलं.

मी लीगच्या कचेरीत फोन केला. जाहिरातींचं काम बघणाऱ्या तांबवेकरबाई फोनवर आल्या.

"माझी बायको परत पाठवा," मी म्हणालो.

"सर, लोकांना त्याच सगळ्यात जास्त आवडल्यात."

"मलाही आवडते."

"मग तसं लिहा ना. तुम्ही नावं ठेवता म्हणून आम्हाला बदलावं लागतं. एकदा चांगलं म्हणालात की विषय संपला. सगळं घरपोच करू."

जन्मात कुणाची केली नव्हती एवढी स्तुती मी त्या आठवड्यात केली. धूर चांगला, उड्या चांगल्या, उजेडाबद्दल तर भरभरून लिहिलं. पण माझं प्रत्येक परीक्षण 'तेवढं एक सोडलं तर' असं म्हणून संपतं. शैला त्यावरून माझी नक्कल करायची, की आमटी झकास झालीय, तेवढं एक मीठ सोडलं तर. हात सवयीनं पुढे गेला. शिवाय टीव्हीवरचं ते दृश्य मला सहन होत नव्हतं. मी लिहिलं: सगळं झकास, त्या हसणाऱ्या बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, तेवढं एक सोडलं तर.

मजकूर पाठवल्यावर मी तो वाचला. लगेच संपादकांना फोन लावला. पुरवणी छापायला गेली होती.

रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सोफ्यावर बसून राहिलो. न्यायला आले तर उगाच खोळंबा नको. कोणी आलं नाही. संध्याकाळी जाहिरात लागली, तेव्हाही मी सोफ्यावरच होतो.

टीव्हीत शैलाच्या शेजारी मी बसलो होतो. अंगात हाच शर्ट होता. चेंडू जाळीत पडला, टीव्हीतल्या त्या माणसानं टाळ्या वाजवल्या आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "छान आहे." मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. तो पुढे काहीच बोलला नाही. शैला इतकी हसली, की तिला तोंडाला पदर लावावा लागला. माझ्यासमोर ती अशी हसल्याला किती दिवस झाले होते, मला सांगता येईना.

त्याच्यात मला एक खोट दिसली. शर्टाची कॉलर मागून दुमडली होती. कागद हाताशीच होता. मी उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

शैलाचंही तिकडे लक्ष गेलं. हसू आवरत तिनं त्याच्या मानेकडे हात नेला.

तिच्या हाताला सोपं जावं म्हणून मी सोफ्यावर मान खाली केली.