फांदीवरची दाढ

दातांच्या डॉक्टरांना सगळं चालायचं, पण आयत्या फांदीवर डल्ला मारणारा मेहुणा चालत नव्हता.

फांदी डॉक्टरांची होती. खंड्याला मासा टिपायला सोयीची अशी वाकडी, शेवाळलेली फांदी शोधून त्यांनी स्वतः चिखलात उतरून ती तळ्यात रोवली होती. रोज पहाटे मुंग्यांचे चावे सोसत बसले, तेव्हा कुठे पक्षी तिच्यावर टेकायला लागला. बायकोचा धाकटा भाऊ मात्र दुपारी भरपेट जेवून यायचा, पलीकडच्या काठावर घडीची खुर्ची मांडायचा आणि त्याच फांदीवरच्या त्याच पक्ष्याचा फोटो घरभर पाठवायचा. खाली लिहायचा, ‘घनदाट जंगलात’.

फोटो क्लबच्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो लागे. डॉक्टरांचे आजवर कायम पाण्याच्या पिंपामागे लागलेले. यंदा ती भिंत मेहुण्याने पटकावली असती, तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

म्हणून डॉक्टरांनी खोडी काढली. एका पेशंटने नापसंत केलेली दाढेची कॅप दवाखान्याच्या खणातून उचलली आणि फांदीला मेणाने चिकटवली, बरोबर मेहुण्याच्या बाजूने. फोटो मोठा केला की घनदाट जंगलात दाढ उगवलेली दिसणार! त्या कल्पनेला हसण्यात त्यांचा स्वतःचा एकही फोटो धड आला नाही.

संध्याकाळी बायको दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून बसली. तिची कॅप आज बसवायची होती. आदल्याच दिवशी तिने आरशात निरखून, “कोपरा जरा चपटा आहे, पण चालेल,” म्हणून पसंत केलेली. डॉक्टरांनी डबी उघडली आणि घाईने परत मिटली. डबीत पेशंटने नाकारलेली कॅप होती.

“काय झालं?”

“लॅबवाले गं. चुकीचीच पाठवली.”

उजाडायच्या आत डॉक्टर तळ्यावर हजर. फांदी होती, मेण होतं, कॅप नव्हती.

ती सापडली थेट प्रदर्शनात. दारासमोरच्या भिंतीवर, हातभर मोठ्या खंड्याच्या चोचीत चमकत होती. खाली चिठ्ठी: ‘शिंपला टिपणारा खंड्या, पहिलं बक्षीस’.

“भावोजी, खंड्या शिंपले खातो हे तुम्हालाही माहीत नसेल!” मेहुण्याची कॉलर ताठ झाली होती.

परीक्षक डॉक्टरांकडे वळले. “तुम्ही पक्ष्यांचे जाणकार. शिंपलाच आहे ना हा?”

एका शब्दात मेहुण्याचा फोटो भिंतीवरून उतरला असता. तो शब्द डॉक्टरांच्या जिभेवर आलाही. तेवढ्यात बायको चष्मा सावरत फोटोला नाक लावून उभी राहिली. मग सावकाश वळली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “कोपरा चपटा आहे.”

डॉक्टरांनी तो शब्द गिळला.

“शिंपलाच!” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “अगदी अस्सल. नशीब लागतं हो असा क्षण मिळायला.”

टाळ्या पडल्या. बायकोने त्यांच्या गळ्यातला कॅमेरा अलगद काढून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

“नवी कॅप येईपर्यंत हा कपाटात. पहाटे तळ्यावर जायचं नाही, मला मऊ मऊ नाश्ता करून घालायचा.”

मेहुण्याने शेवटचं तेवढंच ऐकलं आणि प्रेमाने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बिनधास्त राहा, भावोजी. फांदीकडे मी बघतो.”