विल्फचा शेवटचा हुकूम

मयताच्या चहाला क्लिफर्ड पिमने हॅमची चार सँडविचं खाल्ली आणि पाचवं तोंडात असताना मला विचारलं, "मिसेस ऑग्डन, मशीन चालू आहे ना?" माझ्या नवऱ्यावर, विल्फवर, माती पडून तासही झाला नव्हता. किटली त्याच्या टकलावर ओतली नाही, ती फक्त चार लोक बघत होते म्हणून.

मशीन म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं, हाताने फिरवून प्रती काढायचं सायक्लोस्टाईल. क्लिफर्ड आणि विल्फ मिळून 'चिखलातली तोफ' नावाचं मासिक काढायचे. टपालाने लढाया खेळणाऱ्या, पोटं सुटलेल्या बाप्यांचं मासिक. ज्याने त्याने आपल्या फौजेचा हुकूम पत्राने क्लिफर्डला कळवायचा, क्लिफर्डने पंच म्हणून निकाल टाइप करायचा, विल्फने छापायचा. वर नाव 'संपादक: सी. पिम, बी.ए.' हँडल मात्र एकोणीस वर्षं मी फिरवलं. ओल्डहॅमच्या गिरण्यांच्या धुळीने विल्फची छाती गेली होती. वीस फेऱ्यांत धाप लागायची. टेबलाभोवती फिरत पानं लावायची तीही मीच, एकशे तीस प्रतींची. माझी शाळा बाराव्या वर्षी सुटली, पण पान उलटं लागलं तर माझ्या बोटांना कळतं.

तर परवा शनिवारी सकाळी स्वारी हजर. काखेत नव्या अंकाची स्टेन्सिलं, म्हणजे टाइप केलेले मेणकागद, बुटांना चिखल.

"बसत नाही. दुपारपर्यंत होईल ना? वर्गणीदार वाट बघतायत."

"पायपुसणंही वाट बघतंय," मी म्हटलं.

तो मागे फिरून पाय पुसून आला. तोवर मी पहिलं स्टेन्सिल खिडकीच्या उजेडात धरलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचते, पण वाचते. सहा वर्षं विल्फ या खेळात ऑस्ट्रियाची फौज लढवत होता, म्हणून मी ऑस्ट्रिया शोधली.

'ऑस्ट्रिया: हुकूम नाही. फौज जागीच उभी राहिली. वेढली गेली. संपूर्ण नाश.'

"हे काय आहे?"

"निकाल आहे."

"हुकूम मी माझ्या हाताने टपालपेटीत टाकला. मुदतीच्या चार दिवस आधी."

"पोचला की. पण अक्षर तुमचं, सही तुमची. सतरावा नियम, मिसेस ऑग्डन. खेळाडूची सही नसेल तर हुकूम बाद. विल्फनेच मान्य केलेला नियम आहे."

"त्याच्या हातात चमचा राहत नव्हता, क्लिफर्ड."

"वाईट वाटतं हो. पण एकाला सूट दिली की सगळे मागतात. एडिनबराच्या एका गृहस्थांना गेल्याच महिन्यात मी नाही म्हणालो."

"तेही मरत होते का?"

"नाही. सुटीवर होते."

इस्पितळात नाकात नळी असताना विल्फने एकेक शब्द मला सांगितला होता. "सगळ्यांना नदीच्या अलीकडे आण, एडना. शेवटचा माणूस आला की मग पूल जाळ. आधी नाही." पुन्हा म्हणाला, आधी नाही. खऱ्या लढाईत, तिकडे फ्रान्समध्ये, त्याच्या पलटणीने पूल आधी उडवला होता. नऊ जण पलीकडे राहिले. हे तो मला जन्मात एकदाच बोलला, भांडी पुसता पुसता. नंतर मीही विचारलं नाही.

क्लिफर्डला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याने त्याचाही नियम काढला असता.

खणातली गुलाबी लाखेची बाटली काढली. चूक बुजवायची असते ती. ऑस्ट्रियाच्या ओळींवर ब्रश फिरवला, फुंकर घालून वाळवलं, आणि स्टेन्सिलवर कोरायची लोखंडी टोचणी घेऊन लिहायला बसले. वाटाण्याएवढी अक्षरं, निम्मी वाकडी.

"अहो, काय करताय! तो अधिकृत निकाल आहे! मी पंच आहे!"

"मग पंचाने छापावा."

त्याने खरंच हँडल धरलं. गडी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हात लावत होता. असं काही हिसडलं की तीन कागद चुरगळून अडकले आणि शाई पांढऱ्या बाहीवर कोपरापर्यंत गेली.

"सरक," मी म्हटलं.

कागद सोडवले. माझं स्टेन्सिल चढवलं, हँडल धरलं.

"हा अंक मी वाटणार नाही!"

"तुला वाटायला सांगतंय कोण? पाकिटं माझ्या कपाटात आहेत. पत्ते घालून, तिकिटं लावून."

तो भिंतीशी उभा राहिला. मी फिरवत राहिले. एकेक पान ताटलीत पडत होतं आणि दर पानावर माझ्या वाकड्या अक्षरात तेच होतं: 'सगळे अलीकडे आले. मग पूल जाळला. विल्फ ऑग्डनसाठी, एडना ऑग्डन.' एकशे तीस वेळा आले ते. शेवटच्या पानाला माझे डोळे भरले, पण मी भिंतीकडे पाठच ठेवली.

मागून तो पुटपुटला, "मी फक्त नियमाने वागलो."

मी हात फडक्याला पुसले आणि वळले.

"विल्फ मला नेहमी सांगायचा, क्लिफर्ड वाईट नाही गं, त्याला फक्त कागदावरचीच माणसं कळतात. चुकला तो. तुला तीही कळत नाहीत. जाताना दार ओढून घे."