वजा एकशे दोन

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. मला आडवळणानं बोलता येत नाही.

आमच्या सीटी स्कॅन विभागात एक नियम आहे आणि तो मीच केलाय. गाठ दिसली की तिच्यावर माउसनं वर्तुळ काढायचं आणि आत उमटणारा आकडा वाचायचा. पाणी असेल तर शून्याच्या आसपास, चरबी असेल तर वजा शंभरच्या. पडद्यावर दोन्ही काळपटच दिसतात, डोळ्यांवर विसंबायचं नाही. शिकाऊ डॉक्टरांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. आणि त्या शुक्रवारी कामाचा ढीग पडलेला असताना मीच वर्तुळ काढलं नाही. एका बसचालकाच्या स्वादुपिंडात तीन सेंटिमीटरची गाठ होती. 'पाण्याची गाठ, पुढे कर्करोग होण्याची शक्यता' असं रिपोर्टात ठोकून मोकळी झाले.

सर्जननी ऑपरेशन ठरवलं. तेही लहानसहान नाही. स्वादुपिंडाचा तुकडा, पित्ताशय, आतड्याचा भाग, सगळंच काढायचं.

आदल्या दिवशी आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे आजोबा म्हणतात, सर्जनसाठी फिल्म काढत होते.

"मॅडम, ही गाठ आणि कातडीखालची चरबी अगदी एकसारखी काळी दिसतेय हो."

"तुम्ही तुमचं काम करा," मी खेकसले. आजोबा चहाला गेल्यावर गुपचूप वर्तुळ काढलं. वजा एकशे दोन. आणखी तीन ठिकाणी काढलं. सगळीकडे चरबीच. कडा गुळगुळीत, शेजारची नळी मोकळी. लायपोमा! पाठीवर, खांद्यावर येते तीच निरुपद्रवी गाठ, फक्त इथे ती क्वचितच सापडते.

सर्जनना फोन लावला. "सर, उद्याचं रद्द करा. मी माती खाल्ली."

ते खाली आले, आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं. "पेशंटला तूच सांग," एवढंच म्हणाले.

वॉर्डात बसचालक खाटेवर बसला होता, शेजारी त्याची बायको. मी सगळं सांगितलं, वर्तुळासकट. गाठ चरबीची आहे, काढायची नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, चूक माझी.

"म्हणजे मी मरत नाही?"

"या गाठीनं तरी नाही."

तो हसायला लागला, डोळे पुसत हसत राहिला. बायको मात्र हसली नाही.

"ते वर्तुळ काढायला किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट," मी म्हणाले.

"बारा दिवस हे रोज पहाटे मला गाडी शिकवतायत," ती म्हणाली. "माझ्यामागे तुझं अडायला नको, म्हणे. मी क्लच दाबायचे आणि रडायचे. आणि हे शेजारी बसून म्हणायचे, रड, पण रस्त्यावरची नजर काढू नकोस."

मी माफी मागितली.