बावीस इंचांचं आसन

मित्रांनो, पँट बसली. सव्वीस जानेवारीला सगळ्या रेल्वे कॉलनीसमोर चपखल बसली आणि अंबिका ताठ मानेनं परेडमध्ये चालत गेली. झाली गोष्ट.

हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. मीही सांगितलेलं नाही. पँट अजून कापलेलीसुद्धा नाही, अंबिका रडकुंडीला आलेली आहे, आणि मी फडताळाच्या खालच्या फळीवर घडी होऊन पडले आहे.

मी एक जुनी चादर आहे. निळ्या-पांढऱ्या चौकडीची, दुहेरी पलंगाची, मधोमध विरलेली. माझा जन्म कुठल्याशा यंत्रमागावर झाला. तिथं खटखटाट इतका होता की माझं नाव काय ठेवलं ते मला ऐकूच आलं नाही. म्हणून मी नुसती चादर. माझ्या अंगावर सरळ रेषांखेरीज काही नाही. उभ्या त्या सरळ, आडव्या त्याही सरळ. त्यामुळे मला लहानपणापासून सरळपणाचा भारी गर्व. शेजारी फुलाफुलांची चादर ठेवली की मी तोंड फिरवत असे. म्हणजे घडी फिरवत असे.

मला विद्याबाईंनी लक्ष्मी गेटजवळच्या एका दुकानातून आणलं. त्यांच्या यजमानांचे पूर्वज फार मागे महाराष्ट्रातून झाशीला पूजाअर्चेसाठी आले आणि मग परत जायचं राहून गेलं. दोन-अडीचशे वर्षं राहून गेलं. आता या घरात देवाशी मराठी, दूधवाल्याशी बुंदेली आणि राग आला की हिंदी चालते. यजमान नीलकंठराव रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांची मुलगी अंबिका रेल्वेच्याच कचेरीत कारकून आहे.

माझी उमेदीची वर्षं पाहुण्यांच्या पलंगावर गेली. "चादर काय भारदस्त आहे हो!" असं नागपूरच्या, ग्वाल्हेरच्या, सागरच्या पाहुण्यांनी मला झोपता झोपता म्हटलेलं आहे. माणसांबद्दल माझं ठाम मत तिथंच झालं. माणूस ही एक सपाट वस्तू आहे. ती रात्री येते, आडवी होते, घोरते, आणि सकाळी घडी न घालताच निघून जाते. मग मी विरले. मला कूलरवर पांघरलं. गार वारा देणाऱ्या यंत्रालाही हिवाळ्यात थंडी वाजते, हे ज्ञान मला त्या पदावर मिळालं. पुढे कूलरही गेला आणि मी फडताळात आले.

आता अंबिकेचं दुःख ऐका. तिची डावी कंबर उजवीपेक्षा जरा वर आहे. जन्मापासूनचं आहे, दुखत खुपत काही नाही. चालताना ती किंचित डुलते, इतकंच. पण बाजारातल्या पँटींना हे मंजूर नव्हतं. कुठलीही घाला, तासाभरात एका बाजूला घसरायची. म्हणून तिनं आयुष्यभर लांब कुडते घातले आणि कुणी विचारलं तर "मला आवडतात" असं सांगितलं.

कॉलनीत सव्वीस जानेवारीला कर्मचाऱ्यांची परेड निघते. पांढरा शर्ट, पांढरी पँट. गेल्या वर्षी सरावातच अंबिकेची पँट घसरली. उजवा हात पँट धरायला गेला आणि सलामी डाव्या हातानं झाली. परेड बसवणारे रमाकांतजी मायेनंच म्हणाले, "अंबिकाजी, आप ऐसा कीजिए, गुलदस्ता पकड़ लीजिए. मंच पर शोभा रहेगी."

अंबिकेनं गुलदस्ता पकडला. परेड संपेपर्यंत शोभा राहिली.

या वर्षी तिनं पुन्हा नाव दिलं आणि बाजार पालथा घातला. शेवटच्या दुकानातला भैया म्हणाला, "दीदी, पैंट में तो कोई कमी नहीं है. एकदम सीधी कटिंग है." पुढचं वाक्य तो नुसत्या डोळ्यांनी बोलला.

अंबिका घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, "आई, पँट तर सीधी आहे. मीच वाकडी."

विद्याबाईंचं लाटणं थांबलं. "कोण म्हणालं?"

"म्हणालं कोणी नाही. दिसत होतं."

"मग घरी शिवू."

"तुला पँट येते?"

"परकर येतो. विजार म्हणजे काय गं? दोन अरुंद परकर."

मित्रांनो, अशा आत्मविश्वासापुढे कापडाचं काही चालत नाही. मोबाईलवर शिवण शिकवणाऱ्या एक दीदी म्हणाल्या की चांगलं कापड एकदम कापू नका, आधी घरातल्या जुन्या कापडाची कच्ची पँट शिवून बघा. मायलेकींनी फडताळाकडे पाहिलं. फडताळात मी होते. मी शक्य तितकी निरुपयोगी दिसायचा प्रयत्न केला. तेच नेमकं हवं होतं.

मला जमिनीवर पसरलं. अंबिकेच्या हातात खडू, तोंडात टाचण्या. मोबाईल उशीला टेकवलेला. दीदी म्हणाल्या, "अब आसन नाप लीजिए. जल्दबाज़ी मत कीजिएगा, सारी फिटिंग आसन पर ही है."

"आई, आशन," अंबिका टाचण्यांमधून म्हणाली.

विद्याबाई टेप घेऊन देवघराकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"अहो, जरा उठा."

"जप चाललाय."

"माळ असू दे हातात. तुमचं आसन मोजायचंय."

"माझं? ते कशाला?"

"अंबीच्या विजारीला लागतं. त्या दीदी म्हणतायत, सगळं आसनावर आहे."

नीलकंठरावांनी माळेचा एक मणी पुढे ढकलला. मग म्हणाले, "खरं आहे. सगळं आसनावरच आहे." आणि बाजूला सरकले.

"बावीस गं, अंबी!" विद्याबाई तिथूनच ओरडल्या. अंबिकेनं माझ्यावर बावीस इंच आखले. शंका कशी आली नाही, असं विचारू नका. पहिल्यांदा पँट शिवणारी माणसं शंका घेत नाहीत, ती नुसती घाबरलेली असतात.

शिंप्यांच्या भाषेत आसन म्हणजे कमरेपासून खाली बसायच्या जागेपर्यंतची उंची. तुमची-आमची दहा-अकरा इंच असते. माझी नसते, पण तुमची असते. बावीस इंचांचं आसन फार तर हत्तीला लागेल, आणि हत्तीला परेडमध्ये पँट घालावी लागत नाही.

कात्री फिरली. मशीन धावलं. संध्याकाळी अंबिकेनं मला अंगात चढवलं. पँटचे दोन पाय तिच्या गुडघ्यांपाशी कसेबसे वेगळे झाले आणि उरलेलं कापड फरशी पुसत राहिलं.

नीलकंठराव दारात येऊन बघत राहिले. "धोतर छान झालंय," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. अंबिका पलंगाच्या कडेला बसली. "राहू द्या बाबा. मी गुलदस्ताच पकडते."

मी तिच्या मांड्यांवर होते. तिनं माझा काठ मुठीत घट्ट धरला. पाहुण्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं.

विद्याबाईंना मात्र आपल्या कामाबद्दल अविश्वास सहन होत नाही. "आसन बावीसच आहे. मी काठापासून काठापर्यंत मोजलंय. हवं तर पुन्हा मोजते," म्हणत त्या निघाल्या.

"आई, कुठे चाललीस?"

"देवघरात. आसन मोजायला."

अंबिकेनं आईकडे पाहिलं, देवघराच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या बाबांच्या लोकरी आसनाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती जी हसत सुटली, ती पलंगावरून खालीच आली.

"यात हसायला काय झालं?" विद्याबाई म्हणाल्या. "आपल्या घरात आसन एकच आहे."

"बावीस! आई, बाबांचं आसन घातलंय मी! आता सगळं उसवावं लागणार!"

"म्हणूनच धोतर वाटलं," नीलकंठराव म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "पण उसवता कशाला? सोवळं सैल झालं की आपण काय करतो? वर ओढून घेतो. ओढ वर."

"काखेपर्यंत येईल, बाबा."

"येऊ दे की. इथं कोण रमाकांतजी आहेत?"

अंबिकेनं मला वर ओढलं. मी चढत गेले. पोट ओलांडलं, बरगड्या ओलांडल्या, काखेपाशी थांबले. खाली फरशी पुसणारे माझे काठ घोट्यांशी आले आणि जिथं बसायला हवं तिथं मी अलगद बसले. विद्याबाईंनी परकराचा नाडा काढून माझ्यावरून तिच्या कमरेला बांधला. "हात लावू नकोस. नाड्याला आपली जागा कळते," त्या म्हणाल्या. नाडा जरा हलला, डावीकडे थोडा वर सरकला आणि थांबला. त्याच्या कडेनं त्यांनी चहूकडून खडूची रेषा ओढली.

मित्रांनो, त्या वेळी माझं काय झालं ते कसं सांगू? मी उभी होते. जन्मात पहिल्यांदा मी उभी होते, आणि माझ्या आत माणूस होता. तो सपाट नव्हता! तो गोल होता. मी त्याच्याभोवती निघाले की परत माझ्याचपाशी येत होते. पाठीमागे, कमरेच्या वर, एक खळगा होता. त्यात पाणी ठेवलं असतं तर चिमणी येऊन प्यायली असती. अंबिका श्वास घेई आणि माझे सगळे चौकोन एकदम रुंद होत, श्वास सोडी आणि ते जागेवर येत. एवढा चढउतारांचा मुलूख वर्षानुवर्षं माझ्यावर झोपून गेला आणि मला पत्ता नव्हता.

मग मला काढून पुन्हा जमिनीवर पसरलं. तिघं वाकून बघू लागली. माझ्या सरळ चौकडीतून खडूची रेषा निघाली होती आणि डावीकडे चढत गेली होती, किल्ल्याच्या वाटेसारखी. एका दमात, कुठेही न अडखळता.

अंबिकेनं त्या चढावर बोटं ठेवली. "एवढंच?"

"एवढंच," विद्याबाई म्हणाल्या.

"दीड बोट. आई, फक्त दीड बोट आहे." तिनं बोटं पुन्हा लावून पाहिली. "मला वाटायचं, केवढं तरी असेल."

विद्याबाई खडूचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "तुला कडेवर घ्यायचे ना, तेव्हा ही बाजू माझ्या कमरेवर अश्शी बसायची, की हात सोडला तरी पडायची नाहीस. सलील तर सारखा घसरायचा. तुझा भाऊ सरळ ना! मला वाटायचं, ही पोर माझ्याच मापानं आलीय."

माझ्या अंगावरच्या शेकडो सरळ रेषांमध्ये ती एकच रेषा जिवंत दिसत होती. माझा सरळपणाचा गर्व त्या दिवशी जो उतरला तो पुन्हा चढला नाही.

त्याच रेषेवर मला कापलं, घालून पाहिलं, आणि मी जागची हलले नाही. मग मला उसवून पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि माझ्यासारखीच दुसरी कापली. हाच आपला वंशविस्तार.

सव्वीस जानेवारीला मी घरीच होते. जे कळलं ते नीलकंठरावांनी विद्याबाईंना सांगितलं आणि मी फडताळातून ऐकलं. मैदानावर रमाकांतजी गुलदस्ता घेऊन फिरत होते. "इस बार किसको दें?" अंबिका म्हणाली, "आप ही पकड़ लीजिए, रमाकांतजी. शोभा रहेगी." आणि त्यांनी खरंच पकडला. मग बँड सुरू झाला. अंबिका चालताना डुललीच. पँटही तिच्याबरोबर डुलली, पण घसरली नाही. दोन्ही हात मोकळे होते. सलामी उजव्या हातानं झाली.

"आणि मग?" विद्याबाईंनी विचारलं.

"मग काय? पुढे गेली," नीलकंठराव म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

हल्ली मी चार तुकड्यांत असते. माझी गुंडाळी करून वर 'अंबी' असं लिहून ठेवलंय. नवी पँट शिवायची असली की मला सन्मानानं काढतात. तेव्हा मित्रांनो, जुनी चादर फेकू नका. तुमच्या अंगाचा नकाशा तिच्यात दडलेला असू शकतो. आणि माप घेताना कुणाचं आसन मोजताय तेवढं बघा.

जाता जाता एक अर्ज करते.

प्रति, वजन-मापे तपासणारे जे कोणी साहेब असतील ते.

विषय : 'सरळ कंबर' या मापाचा अधिकृत नमुना मिळणेबाबत.

महोदय, किलोचं वजन आणि मीटरची पट्टी यांचे अस्सल नमुने आपण जपून ठेवता असं ऐकते. तद्वत 'सरळ कंबर' या वस्तूचा एक शिक्कामोर्तब केलेला नमुना तपासणीसाठी झाशीस पाठवावा. नमुना उपलब्ध नसल्यास तो सापडेपर्यंत कोणत्याही दुकानात कोणत्याही गिऱ्हाइकास वाकडं समजण्यास, डोळ्यांनीसुद्धा, स्थगिती द्यावी, ही नम्र विनंती.

सोबत जोडले आहे : दीड बोट, खडूनं आखलेलं.

आपली विश्वासू,
जुनी चादर (सध्या पँट, कच्ची)
फडताळ, खालची फळी, झाशी